बांधकाम परवानगीसाठी दहा कन्सल्टंट एका फाईलवर कसे आणायचे: नव्या माणसासाठी

छोट्या बिल्डरच्या ऑफिसात नवीन लागलात, किंवा घरचीच जागा आहे नि भावाभावांनी मिळून स्वतः डेव्हलप करायची ठरवलीये, आणि "तू जरा सगळ्यांशी बोलून परवानगीचं बघून घे" म्हणून काम तुमच्या गळ्यात टाकलंय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. बिल्डिंग कशी बांधायची ते यात नाही. आर्किटेक्ट, आरसीसीवाले (म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअर), फायरवाले, प्लंबिंगवाले, सर्व्हेअर, वकील या सगळ्यांकडून एकमेकांशी जुळणारे कागद वेळेत कसे काढून घ्यायचे, एवढंच आहे.

उदाहरणाला पुणे महापालिकेच्या हद्दीतली २० गुंठे जागा धरू, म्हणजे साधारण २,०२३ चौरस मीटर, समोर १२ मीटरचा रस्ता, खाली पार्किंग, वर फ्लॅट. नियम म्हणजे यूडीसीपीआर, राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर हेच चालतात. मुंबईत तिची स्वतःची नियमावली, डीसीपीआर २०३४, आहे, तिथले फॉर्म नि टप्प्यांची नावं वेगळी, पण कन्सल्टंट लोकांची भांडणं तीच.

पायरी १: खुर्ची कुणाची ते ठरवा

आर्किटेक्ट नेमला की तो सगळ्यांना सांभाळेल असं आपल्याकडे सगळे धरून चालतात. सांभाळेलही, पण ते त्याच्या फीमध्ये आहे का हे पहिल्याच मीटिंगला तोंडावर विचारा. बऱ्याचदा डिझाइन आर्किटेक्ट वेगळा असतो, महापालिकेत फाईल लावणारा लायझनिंग आर्किटेक्ट वेगळा असतो, आणि दोघंही आरसीसीवाल्याला फोन करणं हे दुसऱ्याचं काम आहे असं समजून बसलेले असतात. यातून वाट एकच, कुणा एकाचं नाव घेऊन सगळ्यांना मेल टाकायचा की ड्रॉइंग कुणाकडून आलं, कुणाला गेलं, कुठली रिव्हिजन चालू आहे हे ही व्यक्ती सांगेल. ती व्यक्ती तुम्ही असाल तर डिग्री नसली तरी चालतं हो. तुम्हाला बीम डिझाइन करायचा नाहीये, बीम बदलल्याचं प्लंबिंगवाल्याला कळलं की नाही तेवढं बघायचंय.

मालकालाही एक गोष्ट पटवून ठेवा, त्यांनी परस्पर कुठल्याही कन्सल्टंटला फोन करून "तो जिना जरा इकडे घ्या" असं सांगायचं नाही. सांगतील ते, थांबणार नाहीत, पण मग निदान तुम्हाला लगेच कळवतील.

पायरी २: जागेचे कागद, ड्रॉइंगला हात लावायच्या आधी

इथे दोनच माणसं लागतात, वकील आणि सर्व्हेअर. बाकी कुणालाही अजून ॲडव्हान्स देऊ नका.

वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च (जुन्या नोंदलेल्या व्यवहारांचा शोध) आणि टायटल रिपोर्ट. सातबारा नुसता बघून भागत नाही, त्याच्या मागचे सगळे फेरफार लागतात, आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारच्या अटींवर दिलेली, आहे का, कुळकायद्याचं कलम ४३, म्हणजे कुळाला मिळालेल्या जमिनीवरचं बंधन, लागतंय का, हे आधी कळायला पाहिजे कारण तसं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचं एक वेगळंच काम सुरू होतं आणि तोपर्यंत आर्किटेक्टने काढलेले सुंदर सुंदर प्लॅन नुसते पडून राहतात. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक.

सर्व्हेअरचं काम दोन भागांत आहे आणि नवीन माणूस इथेच गोंधळतो. एक सरकारी मोजणी, भूमी अभिलेख खात्याची, तिची क प्रत तुमच्या हातात येते आणि हद्द तिच्यावरून ठरते. दुसरा खाजगी सर्व्हेअरचा टोटल स्टेशन (मोजणीचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) सर्व्हे, त्यात जागेवर खरं काय आहे ते येतं, चढउतार, झाडं, विहीर, नाला, विजेचे खांब, वरून जाणारी हाय टेन्शन लाईन, शेजाऱ्याची भिंत. दोन्ही लागतात, आणि एकावर एक ठेवून बघावे लागतात.

का, तर यूडीसीपीआरच्या एरिया स्टेटमेंटमध्ये (क्षेत्रफळाच्या तक्त्यात) प्लॉटचं क्षेत्रफळ तीन ठिकाणचं लिहायचं असतं: मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे, आणि प्रत्यक्ष जागेवरचं. आणि तिघांतलं सगळ्यात कमी असेल ते धरतात. सातबाऱ्यावर २० गुंठे आहेत, मोजणीत साडेएकोणीस आले, आणि शेजारच्याने एका बाजूचं कंपाउंड मीटरभर आत घातलेलं असेल तर जागेवर १९ च भरतात, म्हणजे एक गुंठा, १०१ चौरस मीटर, गेला. नुसता बेसिक १.१ एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते) धरला तरी हा एका चांगल्या फ्लॅटचा हिशोब आहे. हे सगळे प्लॅन झाल्यावर कळलं तर प्रत्येक कन्सल्टंटचं काम परत, आणि परत केलेल्या कामाचे पैसे कोण देणार यावर महिनाभर वाद.

याच टप्प्यात झोन दाखला आणि डीपीचं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याचं, बघून घ्या, रस्ता रुंदी जाते का, आरक्षण आहे का. नदी किंवा मोठा ओढा जवळ असेल तर पूररेषा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाच्या पुराची, आणि निळ्या रेषेच्या आत जागा जात असेल तर तेवढा तुकडा बांधकामाच्या हिशोबातून मनातल्या मनात वजाच करून टाका.

पायरी ३: कोण कोण लागणार त्याची यादी

सगळ्यांची गरज सगळ्या प्रोजेक्टला नसते, आणि कमी पण नेमून चालत नाही. आपल्या २० गुंठ्यांसाठी माझी यादी अशी असेल: आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, माती तपासणारी जिओटेक एजन्सी, प्लंबिंग-ड्रेनेजचा पीएचई कन्सल्टंट, इलेक्ट्रिकल, फायर, झाडांसाठी कुणीतरी, वकील, सीए. सर्व्हेअर आधीच आलेला आहे. लँडस्केपवाला नंतर आला तरी चालतो, त्याला उगाच पहिल्या मीटिंगला बोलावून बाकीच्यांचा वेळ घालवू नका.

पर्यावरण सल्लागार लागतो का हा प्रश्न नेहमी येतो. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बिल्ट-अपला राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाची मंजुरी लागते. आपला प्रोजेक्ट त्याच्या बराच खाली राहतो. पण तुमचा मोठा असेल तर सांभाळून, कारण इथलं बिल्ट-अप म्हणजे एफएसआय नव्हे हो, बेसमेंट, पार्किंग, सर्व्हिस एरिया सगळं मजल्यावर मजला मिळवून धरतात. एफएसआयचा आकडा १४ हजार बघून निश्चिंत बसलेला माणूस पर्यावरणाच्या हिशोबात २० हजारांच्या वर गेलेला असू शकतो, आणि मंजुरी न घेता काम सुरू झालं तर पुढे फार महागात पडतं. लागत असेल तर सल्लागार एनएबीईटी या संस्थेची मान्यता असलेलाच घ्या.

महारेरा, म्हणजे फ्लॅट विकायच्या प्रोजेक्टची सरकारी नोंदणी, मात्र आपल्याला लागतं. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट ८ पेक्षा जास्त, दोन्ही झालं की नोंदणी आलीच. ते परवानगीनंतरचं काम आहे, पण सीएला आधीच आणायचं कारण पुढे सांगते.

पायरी ४: स्कोपचं पत्र, इथे कंजुषी करू नका

प्रत्येकाचं कोटेशन आलं की ते एकाखाली एक ठेवून वाचा, रेट बघायला नाही, कुठलं काम कुणाच्याच पत्रात नाही ते शोधायला. माझा अनुभव असा की जवळजवळ सगळी भांडणं दोन कन्सल्टंटच्या मधल्या जागेत होतात, कुणा एकाच्या चुकीने फार कमी.

काही जागा नेहमीच्या आहेत, तुमच्या यादीला लावून ठेवा:

- फायरची पाण्याची टाकी. किती लिटरची ते फायर कन्सल्टंट सांगणार, कुठे आणि पाईप कसे ते पीएचई दाखवणार, तिचं काँक्रीट आरसीसीवाला डिझाइन करणार, आणि आर्किटेक्टच्या प्लॅनवर ती दिसायला पाहिजे. चौघांनी चार आकडे धरलेले असतात.
- पावसाचं पाणी. प्लॉटमधून बाहेरच्या लाईनपर्यंत नेणं कुणाकडे? पीएचई म्हणतो माझं फक्त सांडपाणी.
- बेसमेंट किंवा खोल टाकीच्या खोदाईत शेजारची माती धरून ठेवणं. आरसीसीवाल्याच्या फीमध्ये हे बहुतेक वेळा नसतं.
- ट्रान्सफॉर्मरची जागा. इलेक्ट्रिकलवाला लोड काढतो, महावितरण जागा मागतं, आणि तोवर त्या कोपऱ्यात आर्किटेक्टने दोन गाड्या लावलेल्या असतात.
- लिफ्टचा खड्डा आणि वरची रूम, कारण लिफ्टची कंपनी अजून ठरलेलीच नसते. मग कंपनी ठरवा ना आधी, निदान दोन कंपन्यांची मापं मागवून मोठं असेल ते धरा.

प्रत्येक कामासमोर तीन नावं लिहा: कोण काढणार, कोण तपासणार, सही कुणाची. एक्सेलचं एक पान पुरतं. ते पान सगळ्यांना पाठवून "कबूल" असं मेलवर उत्तर घ्या, व्हॉट्सॲपवरचा अंगठा धरू नका.

फीचे हप्ते कसे बांधायचे तेही इथेच. नवीन माणूस हप्ते सबमिशनला बांधतो, म्हणजे ड्रॉइंग दिलं की पैसे. त्यापेक्षा शेवटचा बरा हिस्सा मंजुरीला, आणि थोडा भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत, म्हणजे ओसीपर्यंत, मागे ठेवा, कारण ओसीच्या वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही लागते, आर्किटेक्टचा पूर्णत्वाचा दाखला लागतो, आणि दोन-तीन वर्षांपूर्वी पूर्ण पैसे घेऊन गेलेला माणूस फोन उचलायला फार वेळ लावतो. उलट बाजूही सांगते, नुसत्या हप्त्यांवर अडवून ठेवून कन्सल्टंटकडून चांगलं काम होत नाही, बिल आलं की पंधरा दिवसांत द्या, तुमच्या प्रोजेक्टला त्यांच्या ऑफिसात आपोआप वरचा नंबर लागतो.

पायरी ५: एकच बेस ड्रॉइंग

या अख्ख्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. क प्रतीची हद्द, टोटल स्टेशनचा सर्व्हे, डीपी रस्त्याची रेषा, झाडांचे नंबर, लेव्हलचा एक पक्का दगड म्हणजे टीबीएम, उत्तर दिशा, हे सगळं एका ऑटोकॅड फाईलमध्ये बसवून तिला बेस आर शून्य (आर म्हणजे रिव्हिजन) असं नाव द्या आणि सगळ्यांना तीच पाठवा. आर्किटेक्टची फाईल वेगळ्या ओरिजिनवर आणि सर्व्हेअरची वेगळ्या असली की एकावर एक ठेवताना कोणीतरी अंदाजाने फिरवून बसवतं, आणि तो अंदाज थेट साइड मार्जिनमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या बाजूला सोडायच्या जागेत, दिसतो.

रिव्हिजनचा नियम साधा ठेवा. बदल झाला की नंबर वाढतो, फाईलच्या नावात तारीख येते, आणि जुनी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, डिलीट करायची नाही. "फायनल", "फायनल न्यू", "फायनल न्यू करेक्टेड" असली नावं दिसली की त्या दिवशीच बंद करा. कॅड फाईलबरोबर पीडीएफ पण पाठवायची, कारण कॅडमध्ये कुणी काय हलवलं ते नंतर सिद्ध करता येत नाही, पीडीएफ साक्षीला राहते.

लेव्हलचं मुद्दाम सांगते कारण उंचीवरून फार घोळ होतात. एकाच बिल्डिंगच्या उंच्या वेगवेगळ्या असतात. मार्जिन काढताना जी उंची धरतात तिच्यात वरची पाण्याची टाकी, लिफ्टची रूम येत नाही. विमानतळाच्या ना-हरकतीसाठी मात्र समुद्रसपाटीपासूनची अगदी वरच्या टोकाची उंची लागते, टाकी, लिफ्ट रूम, त्यावरचा वीजरोधक दांडा, सगळं धरून. आपण पुण्यात आहोत, लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, त्यामुळे उंचीचा विषय तिकडे जातो, आणि तिथे साइटची समुद्रसपाटीपासूनची लेव्हल आणि डब्ल्यूजीएस-८४ मधले (जीपीएस वापरतं त्या पद्धतीतले) अक्षांश-रेखांश सर्व्हेअरने द्यायचे असतात. मग फायरवाला आणखी त्याच्या पद्धतीने मोजतो, राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या, १५ मीटर आणि वरची इमारत हायराइज म्हणतात, आणि यूडीसीपीआरच्या स्वतःच्या व्याख्या आहेत. तर तुम्ही सेक्शनच्या, म्हणजे उभ्या छेदाच्या, एका ड्रॉइंगवर या सगळ्या उंच्या एकाखाली एक लिहून घ्या, प्रत्येकाच्या समोर ती कशासाठी आहे ते. हे ड्रॉइंग कुठल्याच कायद्यात मागितलेलं नाही, तरी काढा.

पायरी ६: कुणाच्या आधी कोण

सगळ्यांना एकदम कामाला लावलं की वेळ वाचेल असं वाटतं. उलटं होतं, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याचा प्रश्न असतं.

पहिल्यांदा आर्किटेक्टचा कच्चा ठसा, म्हणजे बिल्डिंग प्लॉटवर साधारण कुठे बसते. त्यावर मातीचे बोअर. आयएस १८९२ मध्ये, म्हणजे माती तपासणीच्या भारतीय मानकात, असं धरलंय की ०.४ हेक्टरच्या आसपासच्या सलग जागेला चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक बोअर साधारणपणे पुरतो. ०.४ हेक्टर म्हणजे ४० गुंठे, आपली जागा त्याच्या निम्मी, तरी मी एकही बोअर कमी करायला सांगणार नाही. पुण्यात वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पाषाण असं ठरलेलं असतं म्हणतात, पण ओढ्याकाठी आणि जुन्या भरावाच्या जागेत एका कोपऱ्याला पाषाण दोन मीटरवर आणि दुसऱ्या कोपऱ्याला सात मीटरवर लागला असं होतं, आणि ते फूटिंग खणताना कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. बोअरच्या जागा आरसीसीवाल्याने ठरवायच्या, जिओटेक एजन्सीने मशीन जिथे सहज उभं राहील तिथे नाही.

मग कॉलम आणि पार्किंग. यावर वेळ घालवा, मोकळ्या मनाने घालवा. आर्किटेक्टने वरचे फ्लॅट आधी लावले की कॉलम बेडरूमच्या भिंतीत बसतात, आणि तेच कॉलम खाली आले की गाडीच्या बरोबर मध्ये येतात. गाडीला २.५ बाय ५ मीटरची जागा दाखवावी लागते, दोन कॉलमच्या मध्ये दोन गाड्या बसवायच्या तर आतून पूर्ण ५ मीटर पाहिजेत, कॉलमची जाडी आणि प्लास्टर सोडून. तिथे १० सेंटिमीटर कमी पडले की एक गाडी गेली, एक गाडी गेली की पार्किंग कमी, पार्किंग कमी की एखादा फ्लॅट कमी करा किंवा मेकॅनिकल पार्किंग घाला, त्याला उंची वाढवा, उंची वाढली की मार्जिन वाढलं. ही साखळी इतक्या वेळा बघायला मिळते की आता मी आर्किटेक्ट आणि आरसीसीवाल्याला पार्किंगचं ड्रॉइंग समोर ठेवून एका टेबलावर बसवल्याशिवाय वरच्या मजल्याचा प्लॅन मालकाला दाखवूच देत नाही. मालकाने एकदा फ्लॅट बघितला की त्यात एक इंचही बदल त्याला चालत नाही.

त्यानंतर फायर. आगीचा बंब फिरायला जागा, जिन्याची रुंदी, किती जिने, आसरा मजला (आगीत लोकांना थांबायला ठेवलेला) लागतो का, टाक्या किती मोठ्या. फायर कन्सल्टंटला लोक सगळ्यात शेवटी बोलावतात, एनओसीपुरता. त्याच्या एका वाक्याने सगळं मार्जिन बदलू शकतं, म्हणून त्याला कॉलम पक्के व्हायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा दाखवायचं.

मग पीएचई आणि इलेक्ट्रिकल. त्यांना डक्ट (पाईप-वायर न्यायच्या उभ्या पोकळ्या) पाहिजेत, आर्किटेक्टला डक्ट नको असतात. टॉयलेटवर टॉयलेट येऊ द्या, बीम कुठे आहे ते आरसीसीवाल्याकडून पीएचईला जाऊ द्या, आणि टॉयलेटखालचा स्लॅब खाली उतरवलाय की नाही हे दोघांनी एकदा एकमेकांना सांगू द्या, बाकी ही दोघं समजूतदार असतात.

झाडांचं काम या सगळ्याच्या बाजूने चालतं. १९७५ चा झाडांचा कायदा आहे आपल्याकडे, शहरी भागांसाठी, परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीत ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं धरलंय. म्हणून आर्किटेक्टला कच्चा प्लॅन काढतानाच बेसवरचे झाडांचे नंबर दाखवा, मोठा वड किंवा चिंच असेल तर त्याला मोकळ्या जागेत घेऊन प्लॅन फिरवणं हे ते झाड काढायच्या परवानगीपेक्षा जवळजवळ नेहमीच सोपं जातं. आणि बरं दिसतं.

पायरी ७: मीटिंग

आठवड्यातून एक, तासभर, ठरलेल्या वारी. सगळ्यांना दरवेळी नको, त्या आठवड्यात ज्यांचं एकमेकांशी काम आहे तेवढेच. मीटिंगचं वृत्तांत वगैरे कुणी वाचत नाही, त्याऐवजी एक रजिस्टर ठेवा: काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, कुठल्या ड्रॉइंगवर दिसेल. शेवटचा रकाना महत्त्वाचा, कारण बोलण्यात ठरलेलं आणि ड्रॉइंगवर न आलेलं हे ठरलेलं नसतंच.

मोठे कन्सल्टंट स्वतः येत नाहीत, ज्युनिअरला पाठवतात. ज्युनिअरशी नीट वागा, खरं ड्रॉइंग तोच काढतो, आणि "सरांना विचारून सांगतो" असं तो तिसऱ्यांदा म्हणाला की मग सरांना थेट फोन.

पायरी ८: फाईल लावणे

अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ खाली जातो, कलम ४४ चा अर्ज, ४५ ची परवानगी. आता सगळं ऑनलाइन, आणि ड्रॉइंग सॉफ्टवेअर तपासतं, त्यामुळे प्लॉटची रेषा, मार्जिन, बाल्कनी, जिना, प्रत्येक गोष्ट ठरलेल्या लेयरवर काढावी लागते. हे लेयरचं काम करणारा ड्राफ्ट्समन वेगळाच कसबी असतो, तुमच्या आर्किटेक्टकडे तसा आहे का ते आधी विचारा, नाहीतर प्लॅन बरोबर असूनही सॉफ्टवेअर परत परत फेकत राहतं.

लावायच्या आदल्या दिवशी सगळी ड्रॉइंग एकत्र उघडून एवढं जुळवा: प्लॉटचं क्षेत्रफळ सगळीकडे एकच आहे का, गट नंबर आणि मालकांची नावं सातबाऱ्याप्रमाणे अक्षर न् अक्षर आहेत का, मजल्यांची संख्या आणि उंची फायरच्या ड्रॉइंगवर तीच आहे का, टाक्यांची मापं, झाडांची संख्या. स्पेलिंगवरून फाईल परत येते, हसू नका.

प्रोव्हिजनल फायर एनओसी, झाडं, ड्रेनेज, पाणी, उंची, ही सगळी वेगवेगळ्या टेबलांवर एकाच वेळी चालू शकतात, आणि प्रत्येकाला एक माणूस नेमून द्या. त्रुटींची यादी आली की ती जशीच्या तशी ग्रुपवर टाकू नका. एकेक ओळ सुटी करा, समोर नाव लिहा, उत्तरं तुमच्याकडे गोळा करा आणि एकदमच द्या. दोन कन्सल्टंटनी एकाच त्रुटीला दोन वेगळी उत्तरं दिली की तपासणाऱ्या इंजिनिअरला तिसरा प्रश्न सुचतो.

कायद्यात ६० दिवसांचं कलम आहे, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं, आणि कुणीतरी काका हमखास तुम्हाला ते ऐकवणार. प्लॅन नियमात पूर्ण बसत असेल तरच ते लागू, मधे मधे त्रुटी निघाल्या की दिवसांच्या मोजणीवरच वाद, आणि मानीव परवानगीवर बँक तुम्हाला कर्ज द्यायला तयार होणार नाही. त्याच्या भरवशावर बसू नका.

आणि मालकाला आधीच सांगा की मंजुरीच्या आसपास चलनं येतात. विकास शुल्क, प्रीमियम एफएसआय (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय), टीडीआर (दुसऱ्या जागेचा हस्तांतरित होणारा विकास हक्क) विकत घ्यायचा असेल तर तो, आणि ॲन्सिलरी एफएसआय, जो राहत्या बिल्डिंगला प्रस्तावित एफएसआयच्या ६० टक्क्यांपर्यंत पैसे भरून मिळतो. सीए आधी का आणायचा त्याचं हे उत्तर. आर्किटेक्ट एरिया स्टेटमेंट बदलतो तेव्हा त्याच्यासाठी तो एक आकडा असतो, सीएसाठी काही लाख.

पायरी ९: सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आल्यावर

पेढे वाटा, पण कन्सल्टंटना सोडू नका. सीसी एक वर्षाची असते, काम सुरू झालं नाही तर मुदत वाढवून घ्यावी लागते, ती तारीख तुमच्या कॅलेंडरमध्ये पाहिजे. खोदाईचा मुरूम बाहेर न्यायचा तर गौण खनिजाची परवानगी आणि रॉयल्टी, हे कुठल्याच कन्सल्टंटच्या पत्रात नसतं आणि डंपर रस्त्यात अडवला की सगळ्यांना आठवतं. महारेराची नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात नाही, बोर्डही नाही, "लवकरच येत आहे" सुद्धा नाही. नोंदणीनंतर गिऱ्हाइकांकडून येणाऱ्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि त्यातून काढायला आर्किटेक्टचा फॉर्म १, इंजिनिअरचा फॉर्म २, सीएचा फॉर्म ३. तिघांच्या सह्या पुढची दोन-तीन वर्षं सारख्या लागणार, स्कोपच्या पत्रात हे लिहून घेतलं नसेल तर प्रत्येक सहीला वेगळं बिल येतं.

साइट चालू झाली की बदल सुरू होतात, गिऱ्हाइकाला किचन मोठं पाहिजे, मालकाला वर एक मजला वाढवायचाय. प्लॅन रिव्हाइज झाला की तो फक्त आर्किटेक्ट आणि महापालिकेत फिरतो, फायरवाल्याकडे जुनाच राहतो, आणि फायनल फायर एनओसीच्या पाहणीला आलेला अधिकारी जागेवर बघतो एक नि कागदावर दुसरंच. प्रत्येक रिव्हिजन सगळ्यांना, ज्याचा संबंध नाही असं वाटतं त्यालाही. कन्सल्टंट मध्येच बदलला तर जुन्याचं बाजूला झाल्याचं पत्र, नव्याचं स्वीकारल्याचं पत्र, दोन्ही महापालिकेला, आणि जुन्याचे राहिलेले पैसे आधी मिटवून, नाहीतर ते पत्र येत नाही.

ओसीच्या आधी लिफ्टचा परवाना, ड्रेनेज जोडणी, झाडं लावल्याचा दाखला, फायनल फायर एनओसी, स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं प्रमाणपत्र, या सगळ्याची यादी प्लिंथ चेकिंग (जोत्यापर्यंतच्या कामाची तपासणी) झालं त्याच आठवड्यात करायला घ्या, शेवटच्या स्लॅबची वाट बघत बसू नका. आणि प्रत्यक्ष जसं बांधलं तसं दाखवणारी ड्रॉइंग प्रत्येक कन्सल्टंटकडून सहीसकट घ्या, शेवटचा हप्ता त्यालाच बांधा. पाईप कुठून गेलेत, व्हॉल्व्ह कुठे आहेत, पंप केवढा, हे सगळं पुढे सोसायटीला द्यायचंय. २००६ च्या आगीच्या कायद्याखाली फायरची यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी वर्षातून दोनदा द्यावा लागतो, जानेवारीत आणि जुलैमध्ये, आणि तो देणारी एजन्सी आली की सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पहिली हीच ड्रॉइंग मागते.